नाळेवरचा हप्ता

विमा विकणाऱ्या माणसाला भीतीचं वावडं असून चालत नाही. सांगलीच्या आयुर्विमा शाखेत विकास अधिकारी म्हणून माझी उभी नोकरी झाली. नव्या एजंटाला मी सुरुवातीलाच सांगायची, की गिऱ्हाइकाला मरणाबद्दल बोलतं करा, पण घाबरवून सही घेऊ नका. घाबरून घेतलेली पॉलिसी दुसऱ्या हप्त्यालाच बंद पडते आणि तो माणूस जन्मभर तुम्हाला टाळत फिरतो. लेकीला सातवा महिना लागला तेव्हा तिच्या फायलीत, सोनोग्राफीच्या रिपोर्टामागे खोचलेलं एक गुळगुळीत पत्रक माझ्या हाती लागलं. झोपलेल्या बाळाचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'तुमच्या बाळाचा आयुष्यभराचा जैविक विमा'. होणारी आजी बाजूला राहिली आणि विकास अधिकारी बाई चष्मा पुसून पुढे सरसावल्या.

लेक पुण्यात, वाकडला असते. पत्रकामागोमाग फोन आला आणि शनिवारी कंपनीची एक तरतरीत मुलगी घरीच आली. कार्डावर 'काउन्सेलर' असं छापलेलं. बोलणं गोड, टॅबवर चित्रं तयार. बाळ जन्मलं की नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं, त्यात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. त्या गोठवून 75 वर्षं ठेवायच्या. पुढे बाळाला काही झालं तर त्याच्याच पेशी त्याच्या कामी येतील. ऐंशीहून जास्त आजारांवर चालतं म्हणाली. पॅकेज 65 हजारांचं, बिनव्याजी हप्ते, आज बुक केलं तर सूट. मी विचारलं, "आजच का?" तर हसून म्हणाली, "काकू, ऑफर आहे. आणि हे रक्त आयुष्यात एकदाच मिळतं. नाहीतर कचऱ्यातच जातं ना?"

ती गेल्यावर लेक म्हणाली, "आई, पासष्ट हजारांचं काही नाही गं. पण उद्या खरंच काही झालं तर तेव्हा मी काय म्हणू?"

सगळा धंदा या एका प्रश्नावर उभा आहे. तिला नुसतं 'नको घेऊस' म्हणून भागलं नसतं. पोटात पोर असलेल्या बाईची भीती खोटी नसते, आणि तिला 'उगाच विचार करतेस' म्हणणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. म्हणून मी ते पत्रक जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि एखादी नवी पॉलिसी तपासावी तसं तपासायला घेतलं. आमची रीत ठरलेली असते: जोखीम कोणती धरली आहे, कोणती वगळली आहे, दावा मंजूर झाला तर हातात काय पडणार आणि आजवर दावे आले किती. त्यातलं वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचायचं. या पत्रकात ते पानच नव्हतं.

ते मला बाहेरून गोळा करावं लागलं. पत्रकातल्या यादीत पहिला आजार रक्ताचा कर्करोग. लहान मुलांना होणाऱ्या ल्युकेमियात पुष्कळदा बिघाडाची सुरुवात जन्माआधीच झालेली असते, म्हणजे तो बिघाड नाळेच्या रक्तातही असू शकतो. शिवाय या आजारात दुसऱ्याच्या पेशी देण्यात एक फायदाच असतो, कारण त्या शरीरात मागे राहिलेल्या कर्करोगाच्या पेशी परक्या म्हणून ओळखतात आणि मारतात. स्वतःच्या पेशींना ते जमत नाही. यादीत पुढे थॅलेसेमिया आणि सिकलसेल. हे आजार जनुकातच असतात, आणि ज्या मुलाला थॅलेसेमिया आहे त्याच्या नाळेतल्या प्रत्येक पेशीतही तो आहेच. रोगट बियाणं जपून ठेवायचं आणि पुढच्या हंगामात तेच पेरायचं, असला हा प्रकार. अ‍ॅनिमियाचे जे आनुवंशिक प्रकार यादीत आहेत, जन्मजात प्रतिकारशक्तीचे जे आजार आहेत, त्या सगळ्यांना हेच लागू.

मग ही ऐंशीची यादी खोटी आहे का? नाही, आणि यातच तिची हुशारी आहे. मूलपेशी प्रत्यारोपणानं हे आजार बरे होऊ शकतात, हे खरंच आहे. फक्त त्यातल्या बहुतेकांना पेशी लागतात त्या दुसऱ्याच्या. नाळेच्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण 1988 साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमान यांनी केलं. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेला अमेरिकेतला एक लहान मुलगा त्यासाठी तिथे नेला होता, आणि तो त्यातून बरा झाला. त्याला दिलेलं रक्त त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं होतं. या धंद्याचा पाया मानली जाणारी गोष्टसुद्धा 'स्वतःचं रक्त स्वतःसाठी' अशी नाही. आमच्याकडे एखाद्या एजंटानं दुसऱ्याच्या पॉलिसीवर मिळालेला दावा दाखवून आपली पॉलिसी विकली असती, तर मी त्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं असतं.

ज्या थोड्या आजारांत स्वतःच्या पेशी चालतात, त्यांत त्या बहुतेकदा उपचाराच्या वेळी रुग्णाच्याच रक्तातून यंत्रावर वेगळ्या काढता येतात. त्यासाठी जन्माच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. आणि मोजमाप म्हणून काही असतं. प्रत्यारोपणाला रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात. साठ किलोच्या माणसाला दीडशे कोटी. एका नाळेतून मिळतात त्या बहुधा याहून कमी. म्हणजे पत्रकावर 75 वर्षं लिहिलेली असली, तरी पोर कॉलेजात जाईपर्यंत हा डबा त्याला अपुरा पडायला लागलेला असतो.

आता दाव्यांचा हिशेब. स्वतःचं साठवलेलं रक्त पुढच्या वीस वर्षांत स्वतःलाच वापरावं लागण्याची शक्यता 0.04 ते 0.0005 टक्के, असा अंदाज भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात दिला आहे. साध्या भाषेत, अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. मी विम्यातली बाई, मला यापुढचा गुणाकार केल्याशिवाय झोप येत नाही. दर कुटुंबाकडून 65 हजार धरले, तर एका दाव्यामागे जमा होणारी रक्कम कमीत कमी सव्वासोळा कोटी. दुसऱ्या टोकाचा आकडा धरला तर तेराशे कोटी. आणि दावा मंजूर होणं म्हणजे आजार बरा होणं नव्हे. फक्त ती पिशवी फ्रीझरमधून बाहेर येईल, एवढंच. जावई संगणकातला माणूस. त्यानं हा गुणाकार स्वतः पुन्हा करून पाहिला आणि मग तो बराच वेळ गप्प बसला.

हे काही माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे, की पुढे स्वतःसाठी वापरायला म्हणून नाळेचं रक्त जपून ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निवेदनात या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या आहेत असं म्हटलं. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची आणि बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सरसकट खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. फ्रान्समध्ये, इटलीत तर असली खासगी बँक चालवायला परवानगीच नाही. काउन्सेलर मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण आमच्याकडे सरकारी लायसन्स आहे." असेल ना. 2011 साली औषधांच्या नियमांत या बँकांसाठी परवान्याची तरतूद झाली, आणि ते चांगलंच झालं. पण रक्त नीट गोठवलं जातं की नाही एवढंच परवाना पाहतो. ते गोठवून उपयोग काय, हे ठरवणं त्याचं काम नाही.

आणि नीट गोठवलं जातं का? या पेशी द्रव नायट्रोजनच्या टाक्यांत उणे 150 अंशांच्याही खाली, अखंड ठेवाव्या लागतात. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या देशात नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयानं कॉर्डलाइफ या मोठ्या बँकेबद्दल जाहीर केलं, की तिच्या सात टाक्यांत तापमान मर्यादेबाहेर गेलं होतं आणि त्यातल्या एकाच टाकीतले सुमारे 2,200 नमुने खराब झाले. आईबापांना हे कळलं ते सरकारनं सांगितल्यावर. एरवी कळायला वाव नाही, कारण ही पिशवी कुणी उघडून पाहत नाही. मी पॉलिसी विकली तर गिऱ्हाइकाच्या घरी दर वर्षी पावती जायची, आणि चूक निघाली तर भांडायला शाखा होती, त्यावर विमा लोकपाल होता. पॉलिसी पटली नाही तर परत करायची मुदतही कायद्यानं मिळते. लेकीला सही करायला दिलेला करार मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. नमुना हरवला, खराब झाला, तर कंपनीची जबाबदारी भरलेल्या पैशांपुरती. पंचाहत्तर वर्षं ठेवायचं आश्वासन कंपनीचं, पण कंपनी पंचाहत्तर वर्षं टिकेल का, यावर एक शब्द नाही.

एका गोष्टीचं श्रेय मात्र द्यायला हवं. अलीकडे या कंपन्यांनी सामाईक साठ्याची योजना काढली आहे. यात सभासदांची पोरं एकमेकांच्या रक्तावर हक्क सांगू शकतात. माझ्या बाळाला गरज पडली तर हजारो दुसऱ्या पिशव्यांतून जुळणारी शोधायची. हे ऐकल्यावर मी थोडी सावरून बसले, कारण विम्याचं तत्त्व खरोखर इथे आहे: पुष्कळांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्यानं उचलायचं. पण मग पहिलं पत्रक खोटं ठरतं, कारण बाळाचं रक्त बाळालाच उपयोगी पडणार असतं तर सामाईक साठा कशाला काढला असता? आणि तत्त्व पटलं, तर तो साठा फक्त पैसे भरणाऱ्यांचा का असावा? जगभरातल्या सार्वजनिक बँका फुकट रक्त घेतात, पुरेशा पेशी नसतील तर ठेवत नाहीत, आणि जुळेल त्या कुणालाही देतात. न्यूयॉर्क ब्लड सेंटरची पहिली अशी बँक 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. आपल्याकडे अशा सार्वजनिक बँका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. रक्तदानाच्या बाबतीत जे आपण करून दाखवलं ते इथे का नाही, हा प्रश्न सरकारला विचारायचा आहे, लेकीच्या पासष्ट हजारांना नाही.

दरम्यान वैद्यकशास्त्रही थांबलेलं नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देण्याची पद्धत बसवली, त्यामुळे अर्ध्या जुळणाऱ्या दात्याच्या पेशीही चालू लागल्या. अर्धा जुळणारा दाता म्हणजे प्रत्येक मुलाची आई आणि बाप. यानंतर नाळेच्या रक्ताची प्रत्यारोपणं जगात कमी होत गेली. म्हणजे बाळाला खरंच गरज पडली, तर पुष्कळदा दाता घरातच चहा पीत बसलेला असतो आणि त्याला गोठवून ठेवावं लागत नाही.

इथवर सगळं कागदावरचं. एक गोष्ट मात्र कागदावर कळली नाही, ती माझ्या धाकट्या जावेनं सांगितली. ती सांगलीच्या सिव्हिलला लेबर रूमची सिस्टर होती. बाळंतपणं किती पाहिली म्हणून विचारलं तर ती हसते फक्त. कंपनीचं किट मी तिच्यापुढे ठेवलं. पुठ्ठ्याचा डबा, आत थर्मोकोल, नळी लावलेली रक्ताची पिशवी, जाड सुई, बारकोडाच्या चिकटपट्ट्या आणि आईच्या रक्ताच्या बाटल्या. तिनं पिशवी उचलून उजेडात धरली. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून थोडं औषध असतं, ते तळाशी हललं.

"हे कसं घेतात सांगू का, अक्का? बाळ बाहेर आलं की नाळ लगेच चिमटायची, कापायची, बाळ तिकडं. मग वारेकडच्या तुकड्यावरची मोठी शीर बघून तिच्यात सुई घालायची आणि पिशवी खाली लोंबकळत सोडायची. रक्त आपोआप उतरतं. भरेल तेवढी भरायची, बाहेर कुरिअरवाला उभाच असतो." मग तिनं पिशवी परत डब्यात टाकली. "पण लगेच का चिमटायची, हे कुणी विचारतं का? थोडं थांबलं तर ते रक्त बाळात जातं. बाळाचंच असतं की ते."

मी या वाक्याशी अडले. इतके दिवस आम्ही सगळे त्या रक्ताला 'उरलेलं' म्हणत होतो, मीसुद्धा. जन्माच्या क्षणी बाळाचं काही रक्त वारेत असतं आणि नाळ अजून उडत असते. एक ते तीन मिनिटं थांबलं तर त्यातलं साधारण 80 ते 100 मिलिलिटर बाळाच्या अंगात येतं. तीन किलोच्या पोराच्या अंगात सगळं मिळून रक्त साधारण पाव लिटर. त्या मानानं हे केवढं झालं पाहा. त्यासोबत पुढचे कित्येक महिने पुरेल असं लोह येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 साली सांगितलं, की बाळ नीट असेल तर नाळ एक मिनिटाच्या आत बांधू नका. आपल्या सरकारी प्रसूतिगृहांसाठीही हीच सूचना आहे. बाळ रडलंच नाही, त्याला श्वास द्यायचा असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर म्हणतील तेच खरं. काही बाळांना काविळीसाठी दिव्याखाली ठेवावं लागण्याचं प्रमाण थोडं वाढतं, हेही जावेनं सांगितलं. पण कमी दिवसांच्या बाळांना तर या थांबण्यानं जिवाचा फायदा होतो.

पिशवीत जायचं ते रक्त आणि बाळात जायचं ते रक्त एकच. जितकं थांबाल तितकी पिशवी रिकामी. म्हणून काउन्सेलर मुलगी थांबण्याबद्दल बोलत नाही. विचारलं तर म्हणते, "दोन्ही होतं, काकू." होतं, पण पिशवीत मग जेमतेम उतरतं, आणि कमी पेशींच्या पिशवीचं काय होतं ते आपण वर पाहिलं. रक्त गोळा करण्यासाठी नाळ बांधायची वेळ बदलू नये, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 साली बजावलं आहे.

हे आपल्याकडे कुठे लागू पडतं ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. चौथ्या फेरीत हाच आकडा 53.8 होता. नाळ थांबून बांधली की हा आकडा पुसला जाईल, असं मी म्हणत नाही. पोरांचं खाणं, आईचं स्वतःचं रक्त, जंत अशी त्याला कारणं पुष्कळ. पण तीनांतल्या दोन पोरांना ज्याची गरज आहे ती वस्तू, जन्मल्या जन्मल्या, फुकट, त्यांच्या स्वतःच्या नाळेतून त्यांना मिळत असताना, लाखांतल्या एका दाव्यासाठी ती पिशवीत बंद करायची आणि त्याचे हप्ते भरायचे? दोन लाखांत एकाला घडणाऱ्या गोष्टीचा विमा काढण्यासाठी तीनांत दोघांना भेडसावणारी जोखीम वाढवणारी पॉलिसी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

आता थोडं डॉक्टरांविषयी. पत्रक लेकीच्या फायलीत आपोआप गेलं नव्हतं. ओपीडीबाहेर कंपनीचं टेबल असतं, आणि रक्त गोळा करण्याचे म्हणून डॉक्टरांना किंवा रुग्णालयाला पैसे मिळतात. या पैशांची चढाओढ कुठवर जाते, त्याचं एक उदाहरण मुंबईतलं आहे. पवईच्या एका रुग्णालयाचा एका बँकेशी करार होता आणि बाळंतपणाला आलेल्या बाईनं दुसऱ्याच बँकेत नाव नोंदवलेलं. त्या बँकेला रुग्णालयानं आत येऊ दिलं नाही. प्रकरण स्पर्धा आयोगापुढे गेलं आणि 2014 साली आयोगानं रुग्णालयाला कोट्यवधींचा दंड केला. पुढे अपिलात तो आदेश टिकला नाही. पण भांडण कशावर झालं ते बघण्यासारखं आहे: पिशवी कुणी भरायची यावर. ती भरावी का, हा प्रश्न कुणाच्याच अर्जात नव्हता. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांत डॉक्टरांनी कमिशन घेण्याला मनाई आहे. गोळा करण्याची फी हे कमिशन नव्हे, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, मग ती फी किती हे पेशंटला तोंडानं सांगा. आमच्या एजंटाचं कमिशन कायद्यानं ठरलेलं असे आणि कुणी विचारलं तर मी कागद दाखवत असे. ओपीडीच्या भिंतीवर सोनोग्राफीबद्दलची पाटी लागते, तशी याचीही एक लागू दे: या रुग्णालयाला अमुक कंपनीकडून दर नमुन्यामागे इतके रुपये मिळतात.

जाता जाता कराचीही गंमत. चंदीगडच्या बैठकीत जीएसटी परिषदेनं या बँकांची सवलत काढली आणि 18 जुलै 2022 पासून त्यांच्या सेवेवर 18 टक्के जीएसटी आला. उलट खऱ्या विम्यावरचा, म्हणजे वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये शून्य झाला. निदान करखात्याला दोन्हींतला फरक कळला म्हणायचं.

पण एका घराला मी हे सगळं सांगणार नाही. पहिल्या मुलाला थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे, रक्ताचा असा काही आजार आहे ज्यावर प्रत्यारोपण हा उपाय आहे, आणि आई पुन्हा गरोदर आहे. सख्ख्या भावंडाचं रक्त पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. अशा घरानं आपल्या रक्तविकारतज्ज्ञाशी बोलावं आणि दुसऱ्या बाळाच्या नाळेचं रक्त जरूर ठेवावं. तिथे जोखीम कल्पनेतली नसते, ती समोर पलंगावर झोपलेली असते. उल्हासनगरच्या सिंधी घरांत, विदर्भात सिकलसेलच्या पट्ट्यात अशी कुटुंबं आहेत. त्यांना मुंबई महापालिकेचं बोरिवलीचं थॅलेसेमिया केंद्र माहीत असावं, आणि थॅलेसेमियाच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळते हेही.

बाकीच्यांनी त्याच्या आधीची एक पायरी बघावी. जावेनं लेकीला पहिला प्रश्न विचारला तो असा: "एचबीए-टू केलंस का गं?" थॅलेसेमियाची वाहक आहे का, हे सांगणारी ही रक्ताची तपासणी. आई वाहक निघाली तर बापाचीही करायची. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक, आणि ते बाळंतपणाच्या खूप आधी, वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. तपासणीचा खर्च काहीशे रुपये. लेकीची झाली होती, व्यवस्थित होती. पत्रकात थॅलेसेमियाचं नाव तीनदा होतं. या तपासणीचं एकदाही नव्हतं.

लेकीनं शेवटी कंपनीला नकार कळवला. काउन्सेलर मुलीनं आणखी एकदा फोन केला, सूट वाढवली, मग सोडून दिलं. तिच्यावर माझा राग नाही. टार्गेट असतंच, मला ठाऊक आहे. लेक पुढच्या तपासणीला गेली तेव्हा तिनं डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, की नाळ थांबून बांधणार का. डॉक्टर म्हणाल्या, "बांधतेच मी तशी, बाळ ठीक असलं की." आणि तिच्या केसपेपरवर तसं लिहूनही दिलं. पासष्ट हजारांतले काही हजार आता तिच्या आरोग्य विम्यावर सुपर टॉप-अप घेण्यात जातील. प्रत्यारोपणाचा खर्च लाखांनी होतो, आणि त्या दिवशी खिशाला लागतो तो आधार विम्याचाच. बहुतेक पॉलिसींत बाळाचं नाव तीन महिन्यांनंतरच घालता येतं, तेवढी तारीख मी कॅलेंडरवर मांडून ठेवली आहे.

जावयाचं काम वेगळं. मूलपेशी दात्यांची नोंदणी करणाऱ्या संस्था आहेत, चेन्नईची 'दात्री' त्यांतली एक. 18 ते 50 वयाच्या निरोगी माणसानं गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना द्यायचा, अर्ज भरायचा, झालं. कुठल्या रुग्णाशी जुळलं तरच बोलावणं येतं. मग पाच दिवस इंजेक्शनं आणि काही तास यंत्राला हात लावून बसायचं, बहुतेकदा एवढंच. जुळणी वंशानुसार चालते, म्हणून सांगलीच्या पोराला जुळणारा दाता जर्मनीत सापडण्यापेक्षा सोलापुरात सापडण्याची शक्यता जास्त. पण आपल्या देशातल्या या याद्या लोकसंख्येच्या मानानं अगदीच लहान आहेत. जावयानं आपल्या ऑफिसातल्या टीमसकट काड्या फिरवल्या.

माझं वय त्यात बसत नाही. माझ्या जुन्या एजंटांची पोरं मात्र बरोबर त्या वयाची आहेत, आणि लोकांच्या दारात उभं राहून पटवायची कला त्यांच्या घरात आहेच. गणपतीनंतर मिरजेत नोंदणीचं शिबिर घ्यायचं ठरतंय. हॉल मिळाला आहे, चहाचं पाहायचं आहे. टार्गेट मी सध्या कुणाला सांगितलेलं नाही.